हेमराजची रेघ

माझं अक्षर असं, की बायको अजूनही किराण्याची यादी मला लिहू देत नाही. अशा माणसाला सीमेवरच्या पोस्टवर एकदा दुसऱ्याचं अक्षर वठवायची ड्यूटी लागली.

पोस्ट बर्फात. मोबाइल सगळ्यांच्या खिशात, नेटवर्क नाही. मी रेडिओ ऑपरेटर, गोंदियाचा. नायक हेमराज तिकडच्याच इटियाडोह धरणाकडचा, धानवाला. टपाल-रसद नेणारी लिंक पार्टी खाली निघाली की तिच्यासोबत त्याचं पत्र जाई. ओळ पूर्ण होईपर्यंत तो शिरोरेघ द्यायचा नाही. मग पेन न उचलता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेताच्या धुऱ्यासारखी एकच ओढायचा.

"इतकी नक्षी काऊन बे?"

"मायले वाचता नाही येत. थे पायते."

शेजारचे मास्तर वाचून दाखवायच्या आधी माय ती रेघ बघायची. रेघ नीट, म्हणजे पोरगा नीट.

एका सकाळी शेलिंग झालं. हेमराजच्या उजव्या हातात गोळ्याचा स्प्लिंटर घुसला. मी रेडिओवर खाली कळवलं.

"एक कॅज्युअल्टी. टाके घातले. खाली पाठवू? ओव्हर."

"चालता-बोलता आहे ना? तिथंच ठेवा. आउट."

हेमराजला काळजी हाताची नव्हती. पत्र चुकलं तर माय जेवण सोडेल, याची होती.

"तू लिव. माह्यासारखं."

मजकूर त्याचा, रेघ माझी. बरेच कागद फाडल्यावर एक रेघ मला तरी झकास वाटली.

मास्तरांचं उत्तर आलं. 'माय म्हणते, हे हेमराजचं नाही. रेघ मध्येच भ्याली आहे. तो आहे की नाही तेवढं कळवा. ती जेवत नाही.'

"बुढीनं पकडलं तुले," हेमराज म्हणाला. मग डाव्या हातानं त्यानं एकच ओळ लिहिली. अक्षरं मोहाची प्यायल्यासारखी. रेघ वाकडी गेली, पण तुटली नाही.

माय जेवली.

पुढच्या हिवाळ्यात हेमराजची गस्तीची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्याचा देह मिळाला नाही. युनिटचं टाइप केलेलं पत्र घरी गेलं. मीही दोन ओळी हातानं लिहून पाठवल्या.

सुट्टीत त्याच्या घरी गेलो. मायनं चहा दिला. माझा कागद तिनं जपून ठेवला होता.

"लिवतानी हात कापून राहिला होता ना, बापू?"

"थंडी होती, माय."

"असन." तिनं कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. "छापील कागद आला, मी काही मानला नाही. तुहा पायला, मंग चूल इझवली."