सहाव्या चेंडूनंतरचे मैदान

ताडकळसहून येणाऱ्या सकाळच्या बसच्या कंडक्टरने निरोप आणला : मामा गेले. परभणीच्या माझ्या खोलीत तेव्हा नुकत्याच दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचा उबदार वास होता. तो वास आणि ते दोन शब्द आता माझ्यापुरते वेगळे होत नाहीत...

आईचे हे धाकटे भाऊ कापसाचे व्यापारी. शाळेच्या संघात ते यष्टिरक्षक होते. विशीत काचबिंदूने डोळे नेले. चिमटीत कापूस धरून, तंतू हलकेच ओढून ते त्याची जात सांगत आणि रेडिओला कान लावून अख्खे मैदान उभे करत. त्या काळचा समालोचक वाऱ्याची दिशा सांगे, सीमारेषेशी उतरलेले पारवे सांगे, गोलंदाज कोणत्या बाहीला घाम पुसतो तेही सांगे. म्हणूनच परभणीकडे दूरदर्शन दिसू लागले तेव्हा मामांची भाबडी समजूत झाली, की ज्याला चित्र दाखवता येते तो याहून अधिक सांगेल. त्यांनी संच आणला. पारावर चेष्टा झाली. एकाने विचारलेच, "शेठ, चष्मा कव्हा आणायलाव?" मामा हसले. "बघायला तुमी हाव की. मी ऐकायलोय."

पडद्यावरचा समालोचक मात्र कमी बोले; दिसते ते कशाला सांगायचे? तरी त्या मौनात मैदानाचे आवाज होते. उरलेले मी सुटीत सांगत असे. मला खेळ फारसा कळत नव्हता. कवितेच्या सवयीने मी रंग सांगायची. मामांना तेच हवे असे. "धावा ऱ्हाऊ दे. सावली कुठवर आली, ते सांग माय."

मग गावात केबल आली. षटकातला सहावा चेंडू पडतो न पडतो तोच साबणाचे गाणे सुरू होई. मामांचा खेळ तर षटकांच्या मधल्या त्या फटीतच होता : क्षेत्ररक्षकांच्या टाळ्या, यष्टिरक्षकाची हाक, ओसरत जाणारा गलबला. तेवढ्या वेळापुरते ते पुन्हा यष्टींमागे उभे राहत. नेमके तेवढेच कापले गेले. समालोचक आपसांत जेवणावर विनोद करत. रेडिओकडे परतावे, तर तिथेही आता धावसंख्येपलीकडे फारसे कुणी बोलत नव्हते. दुसऱ्यांदा आंधळे होणे म्हणजे काय, ते मी तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर पाहिले.

शेवटची भेट दिवाळीतली. आपला फलंदाज बाद झाला, गर्दीचा एक उसासा ऐकू आला आणि लगेच टूथपेस्ट चकाकू लागली. मामांनी मान पुढे केली. "कसा चाललाय परत?"

मला मैदान दिसतच नव्हते. मी सांगितले : बॅट काखेत आहे, हातमोज्यातून एकेक बोट सोडवतो आहे, सावली त्याच्या पुढे चालली आहे...

मामांनी मान मागे घेतली. "खोटं सांगायलीस."

मी ओशाळले. त्यांनी चाचपत माझा हात धरला. "असू दे. पर मधीच थांबू नको. त्याला पॅव्हेलियनच्या पायऱ्यांपस्तोर नेऊन सोड."

परवा मी ताडकळसला मामांच्या घरी गेले. संच चालू होता. मामी त्याच्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आयुष्यभर त्यांनी या खेळाला नावे ठेवली होती. आवाज नुसता अंगावर येतो, म्हणाल्या, पण बंद करायला हात होत नाही. मग खाली बघतच बोलल्या, "त्येन्ला सांगायचीस, तसं सांग की मला."

पडद्यावर साबणाचा फेस होता. मैदान दिसायची वाट न पाहता मी सांगू लागले...