लाकडी जोडे

फ्रान्सला जाणाऱ्याने पहिल्यांदा एक शिकावं : दुकानात शिरलं की आधी नमस्कार, मग सौदा. नमस्कार न करता पाव मागणारा माणूस तिथे दरोडेखोर ठरतो. दुसरं, पाव हातभर लांब असतो आणि शिळा झाला की दाराला अडसर म्हणून चालतो. तिसरं, पाऊस. तो आपल्यासारखा पडून मोकळा होत नाही. जावयासारखा येतो आणि मुक्काम ठोकतो.

नरडाण्याच्या पारावर हा परिचय मी वीस वर्षं करून दिला. पहिल्या लढाईत हमालांच्या तुकडीचा कारकून म्हणून मी त्या देशाच्या उत्तर भागात एक वर्ष काढलं होतं. गावात फ्रान्स पाहिलेला मी एकटाच, त्यामुळे फ्रान्स कसा आहे हे ठरवायचा अधिकारही माझा एकट्याचा.

सगळ्यांत जास्त चालायची ती जोड्यांची गोष्ट. तिथले शेतकरी चिखलात लाकडी जोडे घालतात आणि घरात शिरताना दाराशी काढून ठेवतात. तेवढ्यावरून आमच्या तुकडीला तो देश सभ्य वाटला. एकदा एका शेतावरच्या म्हातारीने मला गरम दूध दिलं. मी आपल्या रीतीप्रमाणे तिच्या पाया पडायला वाकलो. तिने खाली पाहिलं आणि समजली, या गरिबाचा डोळा माझ्या जोड्यांवर आहे. आत जाऊन तिने दुसरा जोड आणला. मी हातांनी नको नको केलं, तर तिला वाटलं मापाची शंका आहे. मला बसवून तिने स्वतःच्या हाताने ते माझ्या पायात चढवले.

हे मी धोतर खोचून, म्हातारीचा आवाज काढून, मूळचे जोडे घालून पाराच्या फरशीवर टकटक चालून दाखवायचो. माणसं पोट धरून हसायची. शेवटची काही वर्षं मात्र गुडघे बोलायला लागले होते आणि म्हातारीही माझ्या तोंडून थकल्यासारखी बोलायची. पण पार सोडतो थोडाच. नाना, फ्रान्स होऊन जाऊ द्या, म्हणायचे, की मी उठायचो.

दुसरी लढाई लागली तेव्हा धुळ्याला भरतीची माणसं आली. खेचरं हाकायला गडी हवे होते, आणि ते फ्रान्सला जाणार असं बोललं जात होतं. माझ्या शेजारणीच्या एकुलत्या एक मुलाने जायचं ठरवलं. पंचविशीचा, अंगापिंडाने दांडगा, आणि माझ्या गोष्टीला सगळ्यांत मोठ्याने हसणारा. सकाळच्या गाडीने निघून नाव घालायचं, म्हणून आदल्या दुपारी तो माझ्याकडे आला. मिरची मिळते का, घोंगडं न्यावं का, गोऱ्या बायका खरंच नांगर धरतात का, सगळं त्याला नीट विचारून घ्यायचं होतं. मागोमाग त्याची आई आली आणि उंबऱ्याशी बसली. धनी गेल्यापासून तिने एकटीने त्याला वाढवलं होतं.

मी सुरुवात केली. नमस्कार, पाव, पाऊस, मग जोडे. तो हसला. ती हसली नाही. माझं टकटक चालणं संपल्यावर तिने विचारलं, "नाना, हाऊ जोडा कोना शे?"

जोडा कुणाचा, हे वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मला मात्र उत्तर ठाऊक होतं. आमच्या दुभाष्याने मला नंतर सांगितलं होतं. जोडे त्या म्हातारीच्या मुलाचे. तो लढाईवर होता, आणि मी दूध प्यायलो त्याच आठवड्यात तो गेल्याचं पत्र तिला आलं होतं.

मी ते जोडे काढले, धोतर सोडलं आणि खाली बसून सगळं सांगितलं. आवाज कुणाचाच काढला नाही. पुढे, जे पारावर कधी आलं नव्हतं तेही सांगितलं. गुडघाभर चिखल, त्यात रुतून मेलेली खेचरं, बोटं काळी पडून कापली गेलेले आमचे तीन हमाल. सांगताना मला जांभई आली. खरं सांगतो, ती भीतीची किंवा दुःखाची नव्हती. इतक्या वर्षांचा शीण होता.

"हाई तर तुम्ही कधीच सांगं नही, नाना," तो म्हणाला.

"कुणी हसलं नसतं," मी म्हणालो.

तिने एक जोडा उचलला, मनगटापर्यंत हात आत घातला आणि चाचपून पाहिला.

"मना आंडोरना पाय बी इतलाच शे," ती म्हणाली. माझ्या मुलाचा पायही एवढाच आहे. मग दोन्ही जोडे पदराखाली घेऊन घरी गेली. मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुडघे ओढत स्टेशनवर गेलो. गावातले दोघे गाडीत चढले. तो आला नव्हता.

त्याचा राग अजून गेलेला नाही. वीस वर्षं एक फ्रान्स दाखवला आणि ऐन वेळी दुसराच काढला, असं तो लोकांना सांगतो. ते बरोबरच आहे. समोरून येतो, पण मला नमस्कार करत नाही. आधी नमस्कार, मग सौदा, हे त्याला मीच शिकवलं. आता माझ्याकडून त्याला काही घ्यायचं नाही.

पारावर मी क्वचितच बसतो. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या शेजारच्या गोठ्यातून टकटक ऐकू येते. आईच्या हट्टापायी ते जोडे घालून तो शेण काढत असतो. आवाज थांबेपर्यंत मी उठत नाही.