बिलाचं गाऱ्हाणं

“घाई नाय हां,” हे वाक्य तो प्रत्येक बिलाच्या शेवटी टाइप करायला लावायचा. सही त्याच्याही खाली.

असा एक फोटोवाला तुमच्याही गावात असेल. लग्न, बारसं, हॉटेलच्या खोल्या, सगळीकडे हजर; आणि पैशांचा विषय निघाला की चपला शोधायला लागतो. आमचा मालवणजवळ, किनाऱ्यावरच्या गावात राहायचा. त्याची बिलं मी लिहायचो, कारण माझा हात मोर्चांच्या पत्रकांवर बसला होता.

“‘श्रमाचा मोबदला ही भीक नव्हे’,” माझं पहिलं बिल तो मोठ्यानं वाचायला लागला आणि थांबला. “झिला, बारशाच्या फोटोंचा बिल आसा ह्यां. पोराच्या आज्येक चक्कर येयत.”

ते वाक्य गेलं. ‘सात दिवसांत’ गेलं. ‘जमल्यास’ आलं. त्या ‘जमल्यास’वरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

मग एका पावसाळ्यात त्याच्या कॅमेऱ्यात बुरशी धरली. कोल्हापूरच्या माणसानं दुरुस्त केला, पण पैसे मिळेपर्यंत देईना. तुळशीच्या लग्नापर्यंत कॅमेरा परत आला नाही, तर लग्नसराई बुडणार आणि गोव्याला भावाच्या मोबाइलच्या दुकानात उभं राहावं लागणार, असं घरात ठरलं होतं. दुरुस्तीला लागणारे पैसे गावच्या मानकऱ्यांकडे अडकले होते. पर्यटकांसाठी बांधलेल्या त्यांच्या नव्या निवासाचे फोटो यानंच काढलेले. ते बघून पुण्याचे पाहुणे येत होते. याला फक्त व्हॉट्सॲपवर जोडलेले हात येत होते.

सकाळी गेला की मानकरी म्हणायचे, “अजून बोहनी नाय झाली रे.” संध्याकाळी गेला की, “दिवेलागण झाली, आता लक्ष्मी भायर कशी काढू?” मधल्या वेळात ते झोपलेले असत.

मी वकिलाच्या नोटिशीचा मसुदा घेऊन गेलो. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला. “देवळात जाऊन येतंय,” म्हणाला. मीही मागोमाग गेलो.

दसरा होता. देवळात गाव जमला होता. ज्याची अडचण असेल त्यानं नारळ ठेवायचा, मानकऱ्यांनी ती देवापुढे खणखणीत आवाजात मांडायची आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. यानं नारळ ठेवला आणि मानकऱ्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

मानकऱ्यांचा चेहरा उतरला. पण ठेवलेल्या नारळाचं गाऱ्हाणं परत करता येत नाही.

“बा देवा म्हाराजा,” त्यांनी सुरुवात केली, “ह्या तुझ्या लेकरान घाम गाळून काम केल्यान...”

“व्हय म्हाराजा!”

“आनि कोणीतरी तेचे पैसे... अडवून धरलेले आसत.”

“व्हय म्हाराजा!” बायकांच्या बाजूनं जरा जास्तच मोठ्यानं आलं. तिथे मानकरीणबाईही होत्या.

“जो कोण आसात,” मानकरी खाकरले, “तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, झोप मोडून, मानकरी पैसे घेऊन त्याच्या दारात. “देवाचो मान म्हणान दितंय. तुझ्या बिलाक भियान नाय.” यानं त्यांना सोलकढी पाजली आणि वर पाचशे रुपये सोडून दिले.

“हक्काचे पैसे देवाकडून काय मागायचे?” मी भडकलो. “आणि मुद्दाम केलंस ना?”

“गावात गाऱ्हाणा घालणारो तो एकटोच आसा. मी काय करू?” मग म्हणाला, “तुझ्या कागदावर मी एकटो होतंय. थंय सगळो गाव व्हय म्हणालो.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी दोन्ही करू. नारळ आणि नोटीस.

नंतर मी पुण्याला आलो. त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या जत्रेत. सगळे पालखीच्या मागून चालले होते आणि हा पालखीपुढे, तिच्याकडे तोंड करून, सोडवून आणलेला कॅमेरा डोळ्याला लावून उलटा चालत होता. मागे पायऱ्या होत्या, चिखल होता. त्याला ते दिसत नव्हतं. गर्दीतून हात पुढे येत होते, खांदा धरून त्याला वळवत होते, “हळू रे, दगड आसा,” म्हणत पुढच्या हातात सोपवत होते. मी ते चेहरे ओळखत होतो. जवळजवळ प्रत्येकाच्या नावानं मी बिल लिहिलं होतं.