नाव न घ्यायचा मासा

मकेरेता बाईंच्या पिशवीत काय नसेल ते विचारा. केवड्याच्या पातींनी विणलेल्या त्या पिशवीत वाळकी पानं असत, शिंपले असत, एखादं रिकामं घरटं असे. एकदा तर जिवंत खेकडा होता आणि तो बेटावरच्या लंबासा शहराच्या बसमध्ये थेट ड्रायव्हरच्या पायांपर्यंत पोचला होता. बाई बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवत. काय शिकवत, तर पोरांना दाराबाहेर कसं काढायचं ते. भिंतीवर सफरचंदाचा तक्ता लावून "हे झाडाला लागतं" म्हणणाऱ्या शिक्षिकेवर त्यांचा विशेष राग. "तू पाहिलंयस का गं ते झाड?" असं त्या भर वर्गात विचारत. बोलायला फटकळ आणि हसायला मोकळ्या.

नासाउतिरी गावचं काम मात्र अवघड होतं. सहा गावांच्या अठरा शिक्षिका जमल्या होत्या, पण पोरांना किनाऱ्यावरच्या खारफुटीत न्यायचं तर ती जागा रातू नेमानींच्या कुळाची. कुळाचे प्रमुख, म्हणजे रातू, तेच, त्यांच्या होकाराशिवाय तिथे पाऊल टाकायची सोय नाही. दोन वर्षं ते "चिखलात काय शिकवणार?" एवढंच म्हणत होते. या खेपेला ते स्वतः बघायला आले आणि चटईवर बसले. आज त्यांना पटलं नाही तर पोरं तक्त्याखालीच बसणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून बाईंनी जरा जास्तच जोर लावला. माशांची चित्रं काढली, नावांना चाल लावली, टाळ्यांचा ठेका धरला. "म्हणा माझ्यामागे, कनाधे! आणखी मोठ्याने, कनाधे!" पाच गावच्या पंधरा जणींनी छप्पर डोक्यावर घेतलं. नासाउतिरीच्या तिघींनी तोंडं लपवली. त्यांच्यातली थोरली विलिमाइना तर चटईखाली शिरायचीच काय ती बाकी राहिली. रातू नेमानी उठले आणि निघून गेले.

"बाई, तो आमच्या कुळाचा मासा," विलिमाइना हळूच म्हणाली. "त्याचं नाव आमच्यासमोर घेत नाहीत. आणि घेतलंच, तर त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला काय सांगायचं?"

सांगायची गरज नव्हती. बाईंच्या कुळाचंही एक झाड होतं आणि त्याचं नाव कुणी चारचौघांत काढलं की त्या विंझण्याआड तोंड लपवत. नव्या गावात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, असं त्या अकरा वर्षं सगळ्यांना बजावत आल्या होत्या. पण आज होडीला उशीर झाला, घाई झाली आणि विचारायचं राहून गेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. रातूंच्या कमरेखालच्या गोष्टीचं गाणं करून त्यांनी पंधरा बायकांकडून टाळ्यांवर म्हणवून घेतलं होतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि खरं सांगायचं तर हसूही आवरेना.

दुपारी त्या रीतीप्रमाणे मानाची म्हणून यंगोनाची, पेयासाठी कुटतात ती, मुळी घेऊन माफी मागायला गेल्या. दारातच खाली बसल्या, मुळी पुढे ठेवली.

"साठ वर्षांत माझ्यासमोर कुणी ते नाव कुजबुजलंसुद्धा नाही," रातू म्हणाले. "तुम्ही गाणंच केलंत."

"चुकले, रातू."

"चाल बरी होती."

बाईंनी मान वर केली नाही. वर केली असती तर हसू फुटलं असतं.

"माझी नात तो मासा आठवड्यातून दोनदा खाते," रातू म्हणाले. "कुठला मासा खाल्लास विचारलं तर म्हणते, नारळाच्या दुधातला. आम्ही लाजून नाव घेत नाही आणि पोरांना वाटतं, याला नावच नाही. उद्या न्या सगळ्यांना खारफुटीत. नाव तुम्ही सांगायचं, एकदाच. मी कान झाकून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला तेवीस पोरं घोटाभर चिखलात उभी राहिली. शिक्षिकांनी कमरेला गुंडाळलेले सुलू गुडघ्यांवर खोचले होते. उथळ पाण्यात मासे उड्या मारत होते. रातू जरा लांब, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून उभे होते. बाईंनी हलकेच नाव सांगितलं. पोरांनी ते तोंडातल्या तोंडात घोळवलं.

पाच वर्षांची अनासेइनी मात्र चिखल तुडवत आजोबांकडे गेली आणि त्यांचा एक हात ओढून कानावरून काढला.

"आजोबा, तुमच्या माशाचं नाव मला येतं," ती म्हणाली आणि तिने ते त्यांच्या कानात सांगितलं.

रातूंनी वाकून ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले.

"बरोबर," ते म्हणाले. "आता तो तुझाही मासा झाला. आजपासून तूही त्याचं नाव घ्यायचं नाहीस."