आग्रहाची भाकरी वहीत नव्हती

मापाड्यानं काट्याकडं वाकून बघितलं आणि पुकारा केला, "अठ्ठ्याऐंशी किलो, वर पाचशे."

मोंढ्यातला काटा होता तो. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. ज्वारीची पोती जोखायच्या त्या काट्यावर त्या गुरुवारी कॉलेजची सहा पोरं एकामागं एक चढली. पाच जणांचं वजन मागच्या गुरुवारपेक्षा थोडं उतरलं होतं. सहावा किसन, पुसेगावचा. त्याचं अर्धा किलोनं चढलं होतं.

मापाडी पोरांना घेऊन आलेल्या सरांना म्हणाला, "सर, ह्या पोत्यात कोणीतरी मागून माल भरून राहिलं बघा."

हमाल हसले. मी मेसची ज्वारी न्यायला आलो होतो, मीपण हसलो. भरणारा मीच होतो, हे माझ्या ध्यानात यायला आणखी आठ दिवस लागले.

मी हिंगोलीला कॉलेजच्या होस्टेलात आचारी होतो. शाळा चौथीत सुटली. पोरं मला मामा म्हणायची. भाकरी माझ्यासारखी जिल्ह्यात कोणी करत नव्हतं. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, म्हणजे जिल्हा मोठा होता, हे ध्यानात घ्या. माझी भाकरी ताटाच्या काठाला लागायची आणि तव्यावरून उतरली की फुगून बसायची. गावातल्या बाया ती बघायला येत, आणि मी बघू देत असे.

सरांचं नाव सोनटक्के. मानसशास्त्र शिकवत. अंगानं काडी. त्यांनी कुठल्यातरी परदेशी पुस्तकात वाचलं आणि प्रिन्सिपॉलसाहेबांची परवानगी काढून होस्टेलात प्रोग्रॅम सुरू केला. प्रोग्रॅम कशाचा, तर जाड पोरांचं वजन कमी करायचा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली नव्हती. रेशनवर आलेल्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी थापून माझे तळवे तांबडे झाले होते, पोरं त्या डोळे मिटून गिळत. त्या साली मी चुलीपुढं बोललो होतो, पुन्हा पांढरी ज्वारी आली की माझ्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठणार नाही. आणि आता हा माणूस पोरं वाळवायला निघाला.

मी त्यांना तोंडावर विचारलं, "सर, ह्यांचं जेवण तोडायचं का मी? माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"काहीच तोडायचं नाही मामा," सर म्हणाले. "जे खातात ते खाऊ द्या. फक्त वहीत लिहायचं. काय खाल्लं, किती, केव्हा, कोणासोबत. एका जागी बसून खायचं. घास चावून होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि दर गुरुवारी वजन. ह्याला बिहेवियर म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे वागणूक."

"वागणूक वहीत लिहून बारीक होतं का माणूस?"

"बघू," सर म्हणाले.

मी रेक्टरसाहेबांना सांगून टाकलं की हे मास्तर चार दिवसांत गाशा गुंडाळतील. पण पाच पोरं उतरू लागली. लिहून. नुसतं लिहून. मला ते काही केल्या पटेना.

किसनला मात्र ह्याची खरी गरज होती. आदल्या वर्षी तो परभणीला पोलीस भरतीत धावला आणि अर्ध्यातच छातीवर हात धरून खाली बसला. बापानं सांगितलं होतं, "यंदाच्या भरतीत झालं तर झालं. न्हाई तर पुस्तकं बांध अन् औताला लाग." भरतीला चार महिने होते. पोरगं सकाळी औंढ्याच्या रस्त्यानं धावायचं, घामानं भिजून यायचं. वही तर त्याची सगळ्यांत स्वच्छ. तरी वजन वर.

मोंढ्यातून परतल्यावर सर मेसच्या ओट्यावर बसले. किसनची वही उघडी. मी पीठ चाळत होतो.

"दुपारी दोन भाकरी, वरण, मेथीची भाजी. रात्री दोन भाकरी, पिठलं," सरांनी वाचलं. "रोज हेच. किसन, एवढ्यानं वजन चढत नाही. तू खोटं लिहितोस."

"न्हाई सर."

"मग दुकानात खातोस."

"न्हाई सर. आईची आण."

"मी सहाच पोरं घेतली आहेत. एकानं खोटं लिहिलं तर माझं सगळं काम वाया जातं. पुढच्या गुरुवारी हेच दिसलं तर नाव कमी करीन."

किसन उठला. वही उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि गेला. मला राग आला. पोरगं खोटं बोलणारं नव्हतं.

मी म्हणालो, "सर, तुमचं पुस्तक चुकलं असंल, पोरगं न्हाई चुकलं. माझ्या मेसमधी येऊन डोळ्यांनी बघा एकडाव."

"येतो की. उद्याच येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर पंगतीत बसले, किसनच्या शेजारी. त्यांचीही वही मांडीखाली होती. पाहुणा माणूस, तेही माझ्या कामावर शंका घेणारा. मी ठरवलं, आज ह्यांना दाखवायचं.

सरांनी दोन भाकरी मागितल्या. दिल्या. त्या संपता संपता मी तिसरी घेऊन उभा. सर "नको नको" म्हणाले, तोवर ताटात पडली. चौथीला मी म्हणालो, "अर्धीच घ्या," आणि अर्धी मोडताना चुकून सगळी सोडली. ती चूक मी वीस वर्षं करत आलो होतो. पाचवीला म्हणालो, "माझ्या हाताला नाव ठेवता काय सर?" घेतली बिचाऱ्यांनी. किसनच्या ताटात तर मी विचारतही नव्हतो. बाकीची पाच पोरं बेरकी, ताटावर आडवा हात धरायची. किसन धरत नसे. ताटात आलेल्याला नको म्हणू नये, हे त्याच्या आईनं शिकवलेलं. खरं सांगतो, सरांचा प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून मी त्याला एखादी जास्तच देत होतो. माझ्या पंगतीतून पोरगं वाळून गेलं तर लोक कोणाला हसतील?

हात धुऊन सर ओट्यावर बसले आणि वही लिहिली. मग तिच्याकडं बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, पोटात दुखतं की काय.

"मामा, मी किती भाकरी मागितल्या?"

"दोन."

"खाल्ल्या किती?"

"पाच."

"मी वहीत दोन लिहिल्या," सर म्हणाले. "मी. मी स्वतः." मग हाक मारली, "किसन, इकडं ये. आज किती लिहिल्यास?"

"दोन, सर."

"आणि बाकीच्या?"

किसन गोंधळून म्हणाला, "बाकीच्या आग्रहाच्या व्हत्या सर. मामांच्या. त्या मी कुठं मागितल्या?"

पोरगं खरंच बोलत होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आग्रहाचं जेवण कोण आपल्या नावावर धरतं? ते वाढणाऱ्याचं. आपण मागू तेवढंच आपलं.

सर उठले आणि किसनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मी तुला खोटारडा म्हणालो. माझं चुकलं." मास्तर पोराची माफी मागतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. मग माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता मला रागावणार. मी कंबरेवर हात ठेवून तयार उभा राहिलो.

सर म्हणाले, "मामा, त्या भाकरी तुमच्या आहेत ना? मग त्या तुम्ही लिहा."

आणि आपली वही माझ्या हातात दिली.

"मला नीट लिहिता येत न्हाई."

"रेघ येते ना? तुम्ही मागितल्याशिवाय वाढलेल्या भाकरीला एक रेघ. वाढायचं बंद करू नका. वाढा, पण अगोदर रेघ."

किसनला त्यांनी एवढंच शिकवलं, "मामांना नको म्हणू नकोस. त्यांना वाईट वाटतं. घेतो म्हण. पण म्हण, अगोदर लिहा."

वही चुलीपासून लांब, खिडकीच्या फळीवर ठेवली. सरांनी मुद्दाम तिथं ठेवली, हे मला फार पुढं कळलं. त्या सांजेला मी भाकरी घेऊन किसनपाशी गेलो.

"घेतो मामा," तो म्हणाला. "अगोदर लिहा."

मी परत गेलो. पिठाचा हात पुसला, पेन्सिल शोधली, रेघ ओढली, आलो. भाकरी दिली. पुढच्या भाकरीला पुन्हा तेच. पंगत हसायला लागली. एक पोरगं म्हणालं, "मामा तलाठी झाले." हट्टानं मी तिसरीही रेघ ओढली.

आठ दिवसांनी सरांनी रेघा मोजल्या नाहीत. मलाच मोजायला लावल्या. एकट्या किसनच्या नावावर एकतीस. एकतीस भाकरी त्या पोरानं मागितल्या नव्हत्या. मी त्या पानाकडं बघत बसलो. मिलोच्या साली एकतीस भाकरींत एका घराचा आठवडा निघाला असता, आणि मी त्या एका पोराच्या छातीवर रचल्या होत्या. मायेनं.

पुढं जे झालं त्याचं मला आजही नवल वाटतं. मी काही ठरवलं नाही. पण भाकरी उचलली की खिडकी आठवायची आणि हात ताटाच्या वर थांबायचा. दुसऱ्या आठवड्यात रेघा चौदा. मग सहा. मग एक, ती सणाची. मला कोणी अडवलं नाही, कोणी रागावलं नाही. वीस वर्षांचा माझा हात, जो रेक्टरसाहेबांच्या सांगण्यानं थांबला नसता, तो एका पेन्सिलीनं थांबला. मी त्या काडीसारख्या माणसाकडं देवळातल्यासारखं बघायला लागलो. त्यांना तसं कधी कळू दिलं नाही.

भरतीच्या आधीच्या गुरुवारी मी मुद्दाम मोंढ्यात गेलो. मापाड्यानं पुकारलं, "शहात्तर." मग मला म्हणाला, "काहून मामा, जेवायला घालून नाही राहिले का पोराला?"

"घालतो की," मी म्हणालो. "लिहून घालतो."

किसन परभणीला धावला आणि ह्या वेळी खाली बसला नाही. भरती झाला. सुट्टीवर खाकीत आला तेव्हा पंगतीत बसला, दोन भाकरी मागितल्या. मी तिसरी घेऊन गेलो. साहेब झाला तरी माझंच पोरगं.

"घेतो मामा," तो म्हणाला.

मी थांबलो. तो नुसता खिडकीकडं बघत होता. मी भाकरी तशीच हातात धरून फळीपाशी गेलो. रेघ ओढली. आणि ती भाकरी मीच खाल्ली. रेघ मात्र माझ्या नावावर लावली.

आपल्याकडं पोराला जाड कोणी केलं ते विचारत नाहीत, जेवलास का एवढंच विचारतात. विचारावं. पण विचारणाऱ्यानं हातात पेन्सिल ठेवावी.