सदाची पावलं

सदा परब गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी पियानो पुसत होतो. नंतर तासभर तोच पुसत राहिलो... सदा लालबागचा, लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजवणारा. मी गिरगावातला, बँकेतली नोकरी सांभाळून जॅझचा नाद करणारा. हिंदमाताला एका वरातीने रस्ता अडवला होता, तिथे त्याला पहिल्यांदा ऐकलं आणि आमच्या बँडमध्ये ओढूनच आणलं.

आमचा एकुलता एक जॅझ अल्बम लोअर परळच्या स्टुडिओत झाला. स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता. सकाळी चहा पिताना सदा म्हणाला, “विनू, जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात वाजवलं रे. एकदा माझ्या नावाचं कायतरी राहू दे.” आणि माइकसमोर उभा राहिल्यावर नेमका तोच अडला. वरातीत चालत वाजवायची सवय. पाय थांबले की सूर मरायचा. चालला, की ट्रम्पेट माइकपासून लांब जायचा, वर लाकडी जमिनीवर पावलं वाजायची. “काका, प्लीज, एका जागी उभे राहा ना,” रेकॉर्डिस्ट काकुळतीला आला. दुपार झाली तरी एक गाणं पुरं होईना. शेवटी मी बाहेर जाऊन एकाला फोन लावला, “लगेच येणारा कुणी ट्रम्पेटवाला आहे का?” मागे वळलो तर दारात सदा. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

तो भांडला नाही. आत गेला, चपला काढल्या आणि रेकॉर्डिस्टला म्हणाला, “माइक मधोमध ठेव. मी भोवती फिरतो.” मग माझ्याकडे बघून, “तू बस पियानोवर. मी वरात काढतो.” तोंड माइककडे ठेवून तो गोल गोल फिरत राहिला, आणि मी त्याच्या पावलांवर लय धरली. संध्याकाळपर्यंत अख्खा अल्बम झाला. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी वाजवलेलं नाही आणि त्याचं श्रेय सदाचं.

गेल्या आठवड्यात रेकॉर्डिस्टचा फोन आला. अल्बम नव्याने काढायचाय, आता ती पावलं सहज काढून टाकता येतात, म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. शेवटचा सूर विरल्यावर चार पावलं ऐकू येतात. सदा पियानोपाशी आला होता. पियानोवर ठेवलेला माझा फोन त्याने उचलला, माझ्या खिशात घातला आणि म्हणाला, “चल, चहा पाज.” तोवर रेकॉर्डिंग थांबलं होतं, म्हणून ते बोलणं त्यात आलेलं नाही. पावलं तेवढी आली आहेत.