मागच्या सीटखालची जाळी

माझे भाऊजी वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूतली खोट काढली, स्वतःच्या डोक्यात काही आहे का ते मात्र कधी तपासलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी हायब्रीड एसयूव्ही घेतली आणि माणसातून उठले.

"मिस्त्री, तुझ्या गॅरेजचे दिवस भरले," ते मला म्हणाले. सख्ख्या मेहुण्याला ते मिस्त्रीच म्हणतात. "ही गाडी स्वतः विचार करते."

बरं झालं, कुणीतरी करायलाच हवा होता.

गाडीला मी नावं ठेवणार नाही. हळू चालताना मोटर ओढते, वेग घेतला की इंजिन जागं होतं, चढावर दोघं मिळून जोर लावतात. ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद बॅटरीत परत जाते, त्यामुळे वायर लावून चार्ज करत बसायला नको. दोन टनांचं धूड, पण सिग्नलवरून निघताना हूं की चूं नाही. एवढी अक्कल खर्चून बनवलेली वस्तू भाऊजींच्या हाती पडावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण भाऊजींनी ठरवलं होतं की इंजिन सुरू होणं हा आपला अपमान आहे. नुसती मोटर चालू असल्याचा पडद्यावरचा हिरवा दिवा विझू नये म्हणून ते वीसच्या वेगाने रस्ता अडवून चालायचे, मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. पेट्रोल जळतं म्हणून एसी बंद, धूळ येते म्हणून काचा बंद. आणि सीट खराब होऊ नये म्हणून शोरूममधून आलेलं प्लास्टिक आठ महिने तसंच! वरून पुन्हा जाड कव्हर शिवून घेतलं होतं, पार खालपर्यंत.

बॅटरी मागच्या सीटखाली असते. तापू नये म्हणून एक छोटा पंखा सीटखालच्या जाळीतून गाडीतली हवा आत ओढतो. ती जाळी त्या कव्हराखाली गुदमरली होती. एकदा भाऊजी चाकांत हवा भरायला आले तेव्हा मी ते पाहिलं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "हात लावू नकोस हं. हे तुझ्या डोक्याबाहेरचं आहे."

मी तोंड मिटलं. म्हटलं, जिरू दे एकदाची.

पुढच्या महिन्यात ताईची मुलाखत आली. डोंगरावरच्या निवासी शाळेत ग्रंथपालाची जागा. मुलं मोठी झाल्यावर ताईने पन्नाशीत तो अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि या वयात बोलावणारी ही पहिलीच शाळा. साडेअकराची वेळ, उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. ताई सकाळच्या बसने निघणार होती.

"घरात अशी गाडी असताना बस?" भाऊजी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

ताईने मला सोबतीला घेतलं. मी पुढे भाऊजींशेजारी, ती मागे प्लास्टिकवर, मांडीवर फाइल. एसी बंद. घाट सुरू झाला तसा भाऊजींच्या तोंडाचा पट्टाही सुरू झाला. "बघ मिस्त्री, आता दोघं मिळून कसे ओढतात!"

चौथ्या वळणावर मोटरने अंग काढून घेतलं. एकटं इंजिन ते धूड ओढता ओढता रडकुंडीला आलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: बॅटरी तापली आहे, गाडी थांबवा. सव्वाअकरा वाजले होते. मागून एक रिकामी हातगाडी ढकलत नेणारा माणूस आम्हाला ओलांडून गेला. मला मनातल्या मनात हसू फुटलं, खोटं कशाला सांगू.

मी उतरलो, मागचं दार उघडलं, ताईला बाजूला करून कव्हर आणि प्लास्टिक टराटरा फाडलं. जाळीतून भट्टीसारखी धग आली. सगळी दारं उघडली. निवायला अर्धा तास तरी लागणार होता. शाळा अजून पाच किलोमीटर वर, आणि हात दाखवूनही कुणी थांबेना. ताईने शाळेत फोन केला. "हो, समजलं," एवढंच म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

"कंपनीवर केस करतो!" भाऊजी घाम पुसत ओरडले.

"कंपनीचा काय संबंध? जाळी तुम्हीच बंद केलीत," मी म्हणालो. हे वाक्य मी महिनाभर जपून ठेवलं होतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी दिसलं हे?"

मी फाटलेलं कव्हर गोळा करायला लागलो.

"कधी दिसलं, विचारतेय."

"गेल्या महिन्यात."

ती भाऊजींकडे वळलीसुद्धा नाही. "त्यांना कळत नाही रे," ती म्हणाली. "तुला कळत होतं."